घरची सफाई आणि कपडे धुणं, कमी रसायनांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न पुन्हापुन्हा येणारे आहेत. एकाच अर्थाचे पाच-सहा आले असतील, तर त्यातला सगळ्यात सरळ शब्दांतला घेतला आहे. ओळीने वाचायलाच हवं असं नाही, पण प्रश्न ३ मात्र कुणी गाळू नये.

१. घरातल्या सगळ्या बाटल्या फेकून द्यायच्या का? सुरुवात कुठून करू?

फेकू नका. ‘रसायन’ हा शब्द उगाच बदनाम झाला आहे. मीठही रसायनच आहे. खरा प्रश्न असतो कुठलं, किती, आणि त्यातलं तुमच्या नाकात, डोळ्यांत, कातडीवर किती जातं हा.

एका सुट्टीच्या दिवशी बेसिनखालचं कपाट उघडा आणि सगळ्या बाटल्या जमिनीवर मांडा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा १७ बाटल्या निघाल्या. तीन नुसत्या काचा पुसायच्या होत्या, आणि मागची बारीक अक्षरं वाचली तर तिन्हींत जवळजवळ तेच घटक. दोन बाटल्यांवरचं लेबल पूर्ण पुसलं गेलं होतं (त्यांचं काय करायचं ते प्रश्न २२ मध्ये). जी बाटली सहा महिन्यांत हातात घेतलेली नाही, ती संपल्यावर पुन्हा आणायची नाही, एवढं ठरवलं तरी कपाट निम्मं होतं. पर्यायी वस्तूंच्या मागे लागण्याआधी हे करा. घरातलं रसायन कमी होतं ते मुख्यतः न आणलेल्या बाटलीमुळे.

२. मग घरात नेमकं लागतं तरी काय?

वाटतं त्यापेक्षा खूप कमी. भांडी धुण्याचं साधं लिक्विड, खाण्याचा सोडा, एखादं सौम्य आम्ल (पांढरं व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड), वास नसलेली कपड्यांची पावडर, ऑक्सिजन ब्लीचची पावडर (साधं ब्लीच नव्हे; प्रश्न १३) आणि मायक्रोफायबरची चार-सहा फडकी.

यामागचा हिशेब सोपा आहे. तेलकट चिकटा साबणाने किंवा अल्कलीने सुटतो. नळावरचा पांढरा थर क्षारांचा असतो. त्याला कितीही साबण लावा, हलत नाही, आम्ल लावलं की विरघळतो. रक्त, घाम, दूध हे प्रथिनांचे डाग. त्यांना थंड पाणी आणि एन्झाइम (डाग तोडणारं प्रथिन, बऱ्याच कपड्यांच्या पावडरींत असतं; प्रश्न १४). आणि धूळ? तिला काहीच नको, नीट पिळलेलं ओलं फडकं पुरे. मायक्रोफायबरचे धागे इतके बारीक असतात की नुसत्या पाण्यावरही ते चिकट धूळ उचलतात. ‘जोरदार’ क्लीनर घेऊनही डाग जात नाही, तेव्हा बहुतेक वेळा औषध चुकलेलं असतं. ते कमी पडलेलं नसतं.

३. काय कशात मिसळायचं नाही?

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कशातच मिसळायचं नाही. फक्त थंड पाण्यात. हा एक नियम पाळला तरी घरातले बहुतेक अपघात टळतात.

ब्लीच आणि आम्ल (टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, क्षार काढायची द्रव्यं) एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन वायू तयार होतात. अमोनिया काच पुसायच्या काही द्रव्यांत असतो आणि जुन्या मूत्रातही असतो, त्यामुळे मांजराने घाण केलेल्या कोपऱ्यावर थेट ब्लीच ओतू नये. ब्लीच आणि स्पिरिट यांच्यापासून क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं बनू शकतात. ब्लीच नसलेली एक जोडीही लक्षात ठेवा: व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका बाटलीत भरले की पेरॲसिटिक ॲसिड तयार होतं, ते डोळ्यांना आणि फुप्फुसांना झोंबतं.

मिसळणं म्हणजे बादलीत ढवळणंच असतं असं नाही. माझीच गोष्ट. कमोडमध्ये आम्लाचा क्लीनर सोडून मी दुसऱ्या कामाला लागले. अर्ध्या तासाने परत आले, आधीचं साफ विसरून, आणि वरून ब्लीच ओतलं. पोहण्याच्या तलावाचा असतो तसला वास आला, फक्त दसपट. डोळ्यांतून पाणी, घसा चिरल्यासारखा. दार उघडून बाहेर पळाले, पण पुढचे दोन दिवस खोकला गेला नाही. दोन्ही बाटल्या आपापल्या जागी बंद होत्या. भेट कमोडमध्ये झाली. म्हणून एक वस्तू वापरली की भरपूर पाणी ओतायचं, आणि दुसरी त्या दिवशी हातात घ्यायची नाही.

४. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की मस्त फेस येतो. तो साफ करतो ना?

फेस दिसायला छान. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात. उरतो कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि सोडियम ॲसिटेट नावाचा एक मिठासारखा पदार्थ. दोघांचंही बळ बुडबुड्यांबरोबर गेलेलं असतं. सोडा घासायला वापरा, तो धुऊन टाका, मग क्षारांवर व्हिनेगर लावा. असं पाळीपाळीने केलं तर दोघंही कामाचे. हे मिश्रण करून बाटलीला झाकण मात्र कधीच लावू नका. वायूचा दाब वाढून बाटली फुटते.

५. व्हिनेगर कुठे चालत नाही?

संगमरवरावर, चुनखडीच्या दगडावर आणि सिमेंटने भरलेल्या फरशीच्या सांध्यांवर. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर व्हिनेगरचा थेंब पडला की बारीक बुडबुडे येतात, आणि पुसल्यावर एक निस्तेज गोल राहतो. लोक तो ‘डाग’ समजून घासत बसतात. तो डाग नसतो, तिथला दगडाचा पापुद्रा गेलेला असतो; पॉलिश करण्यावाचून उपाय नाही. दगडासाठी कोमट पाण्यात दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, बस.

ॲल्युमिनियम, बिडाची भांडी आणि मोबाइल-टीव्हीचे पडदे यांनाही व्हिनेगर लावू नका. वॉशिंग मशीनमध्ये ते रोज घातलं तर रबरी भाग लवकर खराब होऊ शकतात. क्षार काढायला अधूनमधून ठीक.

६. जंतू मारायला ब्लीच लागतंच ना?

रोज नाही. साफ करणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. साबण-पाण्याने घासलं की जंतू मरोत न मरोत, घाणीबरोबर निघून जातात, आणि निरोगी घराला बहुतेक दिवस तेवढं पुरतं. उलट, अंग चोळायच्या ‘अँटिबॅक्टेरियल’ साबणांतल्या ट्रायक्लोसानसह १९ घटकांना अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१६ मध्ये मनाई केली, कारण ते साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आणि रोजच्या वापराला सुरक्षित असल्याचं उत्पादक दाखवू शकले नाहीत.

घरात उलट्या-जुलाब चालू असतील, कुठे रक्त सांडलं असेल, कुणाची प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, तेव्हा मात्र ब्लीच हवं. उलट्या-जुलाबांमागे बऱ्याचदा असणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचे सॅनिटायझर फारसे चालत नाहीत. बाटली ५ टक्क्यांची असेल तर १ लीटर थंड पाण्यात २० मिली घातलं की साधारण ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. आधी जागा साबणाने धुवा, कारण घाणीत क्लोरीन वाया जातो. मग द्रावण लावून काही मिनिटं जागा ओली राहू द्या आणि शेवटी पाण्याने पुसा. लावल्या लावल्या कोरडं करणं म्हणजे फक्त वास पसरवणं.

पातळ केलेलं ब्लीच त्याच दिवशी संपवा. मूळ बाटलीही ऊन आणि उकाडा लागला की महिन्यागणिक कमजोर होते. व्हिनेगर याला पर्याय नाही; ते क्षार काढतं, भरवशाचं जंतुनाशक नव्हे.

७. ‘नैसर्गिक’, ‘ग्रीन’, ‘केमिकल-फ्री’ लिहिलेलं घेतलं की काळजी मिटली?

नाही. हे शब्द बहुतेक ठिकाणी कुणीही छापू शकतं. बोरॅक्स जमिनीतून निघणारं खनिज, म्हणजे पुरतं नैसर्गिक; तरी युरोपीय संघाने त्याला प्रजननक्षमतेला घातक द्रव्यांत धरलं आहे. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनिन हवेतल्या ओझोनशी संयोग पावून थोडं फॉर्माल्डिहाइड तयार करतं. खिडकी बंद करून ‘नैसर्गिक’ सुगंधी क्लीनर मारत बसलात तर फुप्फुसांच्या दृष्टीने फार काही बदललेलं नसतं.

पुढचं पान सोडा, मागचं वाचा. लाल किनारीच्या चौकोनातली चित्रं पाहा: हातावर आणि धातूवर द्रव सांडतानाचं चित्र म्हणजे ते कातडी आणि डोळे जाळतं. ‘डेंजर’ हा इशारा ‘वॉर्निंग’पेक्षा वरचा. आणि त्रयस्थ संस्थेने तपासून दिलेली खूण पाहा: जर्मनीची ब्लू एंजल (१९७८ पासून), नॉर्डिक देशांचा हंस (१९८९), युरोपीय संघाचं फूल (१९९२), अमेरिकेची सेफर चॉइस. या खुणांमागे घटकांची छाननी असते. नुसत्या हिरव्या पानाच्या चित्रामागे काहीच नसतं.

८. मला धुतल्या कपड्यांचा सुगंध आवडतो. त्यात एवढं काय वाईट?

सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही. पण ‘सुगंध’ किंवा ‘परफ्यूम’ या एका शब्दाखाली अनेक द्रव्यं लपू शकतात. सुगंध उद्योग जगभर जे घटक वापरतो त्यांची यादी तीन हजारांच्या वर जाते. त्यातल्या काहींची ॲलर्जी होते. म्हणूनच युरोपीय संघात ठराविक सुगंधी घटक ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असले की डिटर्जंटवर त्यांची नावं लिहावी लागतात. दमा किंवा अर्धशिशी असलेल्या माणसाला हा फरक पहिल्याच आठवड्यात जाणवू शकतो.

घेताना एक बारकावा. ‘फ्रेग्रन्स-फ्री’ आणि ‘अनसेंटेड’ एक नव्हेत. दुसऱ्यात मूळ वास झाकण्यासाठी सुगंध घातलेला असू शकतो. तुम्हाला पहिलं हवं आहे. स्वच्छतेला वास नसतो. हे नाकाला पटायला महिनाभर जातो, मग दुसऱ्याच्या कपड्यांचा वास दोन हातांवरून येऊ लागतो.

९. स्प्रे वापरावा की ओतायची बाटली?

ओतायची. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दहा युरोपीय देशांतल्या पाहणीत आठवड्यातून एकदा तरी स्प्रे वापरणाऱ्यांत दम्याचं प्रमाण अधिक दिसलं. पुढे नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१८चा अभ्यास आला: सहा हजारांहून अधिक लोक, वीस वर्षं. घरी किंवा पोटासाठी सफाई करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा लवकर घटत होती. स्प्रे घरात असलाच, तर हवेत किंवा ओट्यावर न मारता फडक्यावर मारा. झोत मोठ्या थेंबांचा ठेवा, धुक्यासारखा नको.

१०. कपड्यांची पावडर किती घालायची? पाकिटावर लिहिलंय तेवढी?

ते आकडे वरची मर्यादा समजा. झाकणावरच्या खुणा इतक्या पुसट असतात की बहुतेक लोक झाकण भरूनच ओततात, आणि त्या झाकणात एका धुण्याच्या दुप्पटही मावतं.

एक प्रयोग करून पाहा. धुऊन वाळवलेले दोन टॉवेल मशीनमध्ये घाला, पावडर अजिबात नको, गरम पाणी लावा आणि दहा मिनिटांनी काचेतून किंवा झाकण उघडून बघा. फेस दिसला तर तो मागच्या धुण्यांचा आहे, धाग्यांत साठून राहिलेला. माझ्या टॉवेलांना इतका फेस आला की मी आधी ड्रॉवरमध्ये पावडर उरली असेल म्हणून तपासलं. नव्हती. हाच उरलेला अंश अंगाला खाज आणतो, टॉवेल कडक करतो, मशीनला कुबट वास आणतो.

नेहमीच्या निम्मं घाला आणि दोन आठवडे बघा. कपडे स्वच्छ निघत असतील तर तेच तुमचं माप. पाणी जड असेल, म्हणजे क्षार जास्त असतील, तर थोडं वाढवावं लागतं, किंवा पावडर तेवढीच ठेवून चमचाभर धुण्याचा सोडा घालायचा (लोकर-रेशमाला नाही). फेस म्हणजे स्वच्छता हा समज सोडा. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये जास्त फेस कपडे एकमेकांवर घासू देत नाही.

११. पावडर, लिक्विड, कॅप्सूल, साबण: यातलं कमी त्रासाचं कोणतं?

माझं मत पावडरीकडे झुकतं. लिक्विडमध्ये पाणी असतं, म्हणून ते टिकायला प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागतं. त्यातलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन इतक्या लोकांच्या कातडीला बाधलं की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २०१३ साली त्याला ‘वर्षातला ॲलर्जीकारक पदार्थ’ ठरवलं. कोरड्या पावडरीला याची गरज नसते. फक्त ती उंचावरून ओतू नका, धूळ नाकात जाते.

फेसाळ लिक्विडमध्ये आणखी एक पाहुणा असू शकतो: १,४-डायऑक्सेन, कर्करोगाचा संशय असलेलं एक द्रव्य. तो कुणी मुद्दाम घालत नाही; ‘इथॉक्सिलेटेड’ किंवा ‘लॉरेथ’ नावाचे फेस आणणारे घटक बनवताना मागे राहतो, त्यामुळे घटकांच्या यादीत दिसत नाही. न्यूयॉर्क राज्याने घरगुती सफाईच्या वस्तूंत त्याची मर्यादा २०२३ अखेरीपासून दशलक्षात १ भाग इतकी खाली आणली.

खरा साबण सौम्य, पण जड पाण्यात त्याचा राखाडी चिकट थर कपड्यांवर बसतो. रिठ्यात सॅपोनिन हे फेसाळ द्रव्य असतं. हलक्या मळाला आणि लोकरीला चालतं, चिकट कॉलरला पुरत नाही, आणि डोळ्यात गेलं की चांगलंच झोंबतं. कॅप्सूल मात्र लहान मूल असलेल्या घरात आणूच नयेत: रंगीत, मऊ, चावली की फुटते, आणि आत घट्ट केलेलं डिटर्जंट.

१२. सॉफ्टनर सोडला तर कपडे खरखरीत होणार नाहीत का?

पहिली काही धुणी होतील. सॉफ्टनर धाग्यांवर मेणचट लेप देतो, म्हणजे तो कपडा धूत नाही, माखतो. म्हणूनच सॉफ्टनर लावलेला टॉवेल मऊ लागतो पण पाणी टिपत नाही, आणि खेळाच्या कपड्यांत घामाचा वास अडकून राहतो. आग प्रतिरोधक कपड्यांवर, विशेषतः मुलांच्या रात्रीच्या कपड्यांवर, तो वापरूच नये. लेपामुळे तो गुण कमी होतो. खरखर बऱ्याचदा जास्त पावडरीची असते, म्हणून आधी प्रश्न १० करून पाहा. अधूनमधून शेवटच्या पाण्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर घाला, ब्लीच वापरलं नसेल तरच. वाळत घालण्याआधी कपडे दोनदा जोरात झटका. हा फुकटचा सॉफ्टनर आहे.

१३. पांढरे कपडे पिवळट पडतात. ब्लीचशिवाय काय?

ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात गेलं की त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. पेरॉक्साइड काम करून पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातो. मात्र पाणी ४० अंशांच्या वर हवं, थंड पाण्यात ते झोपून राहतं. बादलीभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे, कपडे तासभर बुडवा, मग नेहमीसारखे धुवा. लोकर आणि रेशीम नको. मग ऊन.

पाकिटावरचा ‘शुभ्रतेचा’ दावा बहुधा ऑप्टिकल ब्राइटनरचा असतो. तो मळ काढत नाही. न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत टाकतो आणि डोळा फसतो. जांभळ्या दिव्याखाली असा शर्ट झगमगतो तो यामुळेच. हे द्रव्य धाग्यावर टिकून राहावं म्हणूनच घातलेलं असतं.

१४. एन्झाइम म्हणजे अजून एक रसायनच ना?

हो, पण कामाचं. प्रोटिएज प्रथिनं तोडतं, लायपेज चरबी, अमायलेज पिष्ट. १९१३च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो रोम यांनी एन्झाइम घातलेलं कपडे धुण्याचं पहिलं उत्पादन आणलं. एन्झाइममुळे कमी तापमानाला आणि कमी डिटर्जंटमध्ये काम होतं. लोकर आणि रेशीम स्वतःच प्रथिनं असल्याने प्रोटिएज त्यांनाही खातं, म्हणून त्यांना वेगळं डिटर्जंट. १९६०च्या दशकात एन्झाइमच्या सुट्या भुकटीने कारखान्यांतल्या कामगारांना दमा झाला होता. तेव्हापासून ती आवरण दिलेल्या दाण्यांत येते.

१५. तान्ह्या बाळाच्या कपड्यांसाठी वेगळी पावडर घ्यावी का?

‘बेबी’ लिहिलेली बरीच डिटर्जंटं सुगंधी असतात. घरासाठीच सुगंध नसलेली पावडर (प्रश्न ८), माप निम्मं (प्रश्न १०), सॉफ्टनर बंद (प्रश्न १२) आणि एक खळबळणी जास्त. नवे कपडे घालण्याआधी एकदा धुवाच.

१६. कपाटातल्या डांबरगोळ्यांचं काय? वर्षानुवर्षं वापरतोय.

या प्रश्नाला मी नेहमी लांब उत्तर देते. डांबरगोळी हळूहळू लहान होते. ती जाते कुठे? हवेत. तिचा वास म्हणजे तेच द्रव्य तुमच्या नाकात. गोळी बहुधा नॅप्थलीनची किंवा पॅराडायक्लोरोबेंझीनची असते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दोन्हींना ‘माणसात कर्करोगाला कारण ठरू शकणारी’ या गटात ठेवलं आहे. युरोपीय संघात नॅप्थलीनच्या गोळ्या २००८ पासून विकता येत नाहीत.

सगळ्यात जास्त धोका बाळांना. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या लाल रक्तपेशी नॅप्थलीनने फुटू लागतात. गोळ्यांत ठेवलेलं दुपटं बाहेर काढून तसंच गुंडाळल्याने बाळांना कावीळ झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. असे कपडे आधी दिवसभर उन्हात, मग धुऊनच वापरावेत.

गोळी कसली आहे हे ओळखायची युक्ती: मीठ आणखी विरघळणार नाही इतकं खारट पाणी करा. नॅप्थलीन त्यात तरंगतं, पॅराडायक्लोरोबेंझीन बुडतं, कापूर साध्या पाण्यातही तरंगतो. कापूर निर्धोक मानून पर्याय म्हणून ठेवतात, पण लहान मुलाने तो गिळला तर झटके येऊ शकतात.

गोळ्यांशिवाय कसं? कसरीची अळी लोकर-रेशीम खाते, आणि तिला घामाचे, तेलाचे डाग असलेले कपडे जास्त आवडतात. म्हणून ठेवण्याआधी धुवा, पूर्ण वाळवा, घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत ठेवा. शंका असेल तर कपडा पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. सुती आणि पूर्ण कृत्रिम कपड्यांना बहुधा यातलं काहीच लागत नाही.

१७. ड्राय-क्लीन करून आणलेल्या कपड्यांना वास येतो, तो कसला?

अनेकदा टेट्राक्लोरोइथिलीनचा, ज्याला ‘पर्क’ म्हणतात. प्रश्न १६ मधल्या संस्थेने त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’, म्हणजे डांबरगोळ्यांपेक्षा एक पायरी वरच्या, गटात धरलं आहे. कॅलिफोर्नियात २०२३ पासून ड्राय-क्लीनिंगला ते वापरता येत नाही. वरची प्लॅस्टिकची पिशवी लगेच काढा आणि कपडा झोपण्याच्या खोलीबाहेर मोकळ्या हवेत दिवसभर टांगा. ‘वेट क्लीनिंग’ (पर्कऐवजी पाण्यात केलेली धुलाई) होत असेल तर तेच मागा. आणि ‘ड्राय-क्लीन’ लिहिलेला प्रत्येक कपडा खरोखर त्याच लायकीचा नसतो. लोकरीचे कितीतरी कपडे थंड पाण्यात हाताने धुता येतात.

१८. मोरी तुंबली. ड्रेन क्लीनर टाकू का?

आधी जाळीतले केस हाताने काढा, मग रबरी पंप मारा, मग लवचिक तार घाला. यातच बहुतेक मोऱ्या मोकळ्या होतात. ड्रेन क्लीनर म्हणजे बहुधा कॉस्टिक सोडा: पाण्यात उकळी येण्याइतका तापतो, कातडी जाळतो, ॲल्युमिनियमला लागला तर हायड्रोजन वायू सोडतो. टाकून मोरी मोकळी झाली नाही तर खरा घोळ सुरू होतो. आता पाइपात जाळणारं पाणी उभं आहे. त्यावर दुसरं द्रव्य ओतू नका, पंपही मारू नका, तोंडावर उडेल. प्लंबरला बोलवा आणि काय टाकलंय ते त्याला आधी सांगा.

१९. घरात मांजर आहे. काही वेगळं पाळायचं का?

हो. मांजराच्या यकृताला फेनॉलवर्गीय द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत. मांजर फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं, म्हणजे फरशीवर लावलेलं सगळं त्याच्या पोटात. फिनाइल, पाण्यात घातलं की दुधाळ होणारी फेनॉलची जंतुनाशकं, टी ट्री तेल, सगळं बंद. साबणाचं कोमट पाणी, आणि फरशी कोरडी होईपर्यंत मांजर बाहेर.

२०. सफाई मी करत नाही, ताई येतात. त्यांना तीव्र वासाचंच हवं असतं.

मग ती द्रव्यं रोज अनेक घरांत श्वासावाटे घेणाऱ्या त्या आहेत, तुम्ही नाही. बर्गनच्या अभ्यासातल्या (प्रश्न ९) बायका आठवा. वासाचा हट्टही समजून घेण्याजोगा आहे: वास आला नाही तर ‘केलंच नाही’ असं मालकीण म्हणेल ही धास्ती असते. तुम्हीच आधी सांगा की वास नको आहे. हातमोजे त्यांच्या मापाचे आणा. आम्ल आणि ब्लीच यांपैकी एकच घरात ठेवा, म्हणजे चूक होण्याची जागाच राहत नाही.

२१. तरी अपघात झालाच तर?

वायू सुटला: नाक दाबून आवराआवर करत बसू नका, बाहेर पडा, मोकळ्या हवेत थांबा. श्वास लागत असेल, छातीत घरघर असेल तर रुग्णालय. डोळ्यात गेलं: कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि वाहत्या साध्या पाण्याने सलग १५ ते २० मिनिटं धुवा, घड्याळ लावून, दोन मिनिटांनी बरं वाटलं म्हणून थांबू नका. गिळलं: उलटी करायला लावू नका, कारण जाळणारं द्रव्य वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. तोंड धुवा, विषबाधा मदत केंद्राला किंवा डॉक्टरांना फोन करा आणि मूळ बाटली बरोबर न्या.

२२. नको असलेल्या आणि लेबल नसलेल्या बाटल्यांचं काय करू?

ओळखीच्या असतील तर संपवून टाका किंवा वापरणाऱ्याला द्या. उरलेलं एकत्र करून एका बाटलीत भरू नका, कारण प्रश्न ३. सेप्टिक टँक असेल तर ब्लीच आणि जंतुनाशकं एकदम त्यात ओतू नका. टाकी ज्या जिवाणूंवर चालते तेच मरतात. धोकादायक घरगुती कचरा वेगळा घेण्याची सोय असेल तर तिथे द्या.

लेबल नसलेली बाटली उघडून हुंगून बघू नका. तिच्यावर ‘अज्ञात, उघडू नये’ असं लिहा, उभी ठेवा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, आणि पुढच्या संकलनाच्या दिवशी देऊन टाका. यापुढे काहीही पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नका, ‘दोन दिवसांपुरतं’ सुद्धा. माझ्या त्या दोन पुसट बाटल्यांपैकी एक अशीच होती.